कोंबडीचा रस्सा आणि वाइन : निवड वाटणावरून करावी

रानद्राक्ष (पुणे)

कोंबडीसोबत पांढरी वाइन आणि मटणासोबत लाल वाइन, हे सूत्र आपल्याकडे इतक्या सहजपणे सांगितले जाते की ते कोणत्या स्वयंपाकासाठी तयार झाले याचा विचार फारसा होत नाही. ज्या युरोपीय घरांत ते रूढ झाले, तेथे कोंबडी लोणी, मीठ, मिरी आणि थोडा सुगंधी पाला लावून भाजली जाते आणि घासात मांसाचीच चव पुढे असते. आपल्याकडे पदार्थ ओळखला जातो तो वाटणावरून. कोल्हापुरी रश्श्यात कांदा-लसूण मसाला पुढे असतो, मालवणी रश्श्यात भाजलेले खोबरे, गोव्याच्या काफ्रेआलमध्ये कोथिंबीर आणि हिरवी मिरची, तर मुर्ग माखनीत टोमॅटो, लोणी आणि कसुरी मेथी. या चौघांना एकच वाइन पुरेल असे मला वाटत नाही. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की वाइन निवडताना कोंबडी विसरावी आणि वाटण किती तिखट, किती आंबट आणि किती स्निग्ध आहे एवढेच पाहावे.

या तिन्हींत तिखटाला मी पहिला मान देते, कारण वाइनचा खेळ बहुधा तेथेच बिघडतो. तिखट ही गोड-आंबटासारखी चव नसून दाहाची जाणीव आहे. ज्या प्रथिनामुळे सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णता आपल्याला पोळल्यासारखी वाटते, त्याच प्रथिनाला मिरचीतले कॅप्सेसिन जागे करते आणि अल्कोहोल त्याला अधिक हळवे करते. त्यामुळे १४ टक्के अल्कोहोलची, ओकच्या पिंपात मुरलेली लाल वाइन झणझणीत रश्श्यासोबत घेतली की रस्सा आणखी जाळतो, वाइनमधला फळांचा स्वाद नाहीसा होतो आणि नुसता कडवट तुरटपणा मागे राहतो. हा तुरटपणा टॅनिनचा असतो. द्राक्षाच्या साली आणि बियांमधून उतरलेले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून ठेवते, म्हणून तोंड कोरडे पडते, आणि आधीच पोळलेल्या जिभेला ते सोसत नाही. याउलट वाइनमध्ये किंचित साखर असेल तर दाह सौम्य होतो, गारव्याने लगेच आराम पडतो, आणि आंबटपणामुळे तोंडाला पुन्हा पाणी सुटून खोबऱ्याचे व तेलाचे जडपण उतरते.

हे सगळे गुण एकत्र पाहायचे तर आपल्याच राज्यात पिकणारी शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन डोळ्यांसमोर येते. २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यानंतर नाशिक, सांगली, सोलापूर या भागांत वायनरी उभ्या राहिल्या, तरी मराठी घरातल्या जेवणासोबत काय प्यावे याचा विचार त्या प्रमाणात झाला नाही. शेनिनकडे तर नवशिक्यांची गोडसर वाइन म्हणूनच पाहिले जाते, आणि हे मला मनापासून खटकते. रविवारच्या घरगुती, मध्यम तिखट कोंबडीच्या रश्श्याला तिच्याइतकी मानवणारी बाटली मला दुसरी सापडलेली नाही. ती नीट गार करावी आणि भाकरीच्या घासामागून लहान घोट घ्यावा. कमी मसाल्याच्या, तुपावर परतलेल्या सुक्या कोंबडीला मात्र तिची कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आवृत्ती निवडावी, कारण तेथे शमवण्यासारखा दाह नसतो आणि गोडवा उगीच उरतो.

आपापल्या भागातले पदार्थ आणि अनुभव सर्वांनी सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

ताई, विषय अतिशय आवडला. तांबडा-पांढरा रस्सा मटणाचा प्रसिद्ध असला तरी घरोघरी तो कोंबडीचाही होतो, आणि त्यात एक अडचण आहे. एकाच ताटात दोन वाट्या असतात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध असतात. पांढऱ्यात अळणी पाणी (मांस शिजवलेले पाणी), नारळाचे दूध, खसखस, काजू, पांढरी मिरी आणि खडा मसाला असतो. तो सौम्य, दाट आणि गोडसर लागतो. तांबड्यात ब्याडगीचा रंग, लवंगीचा तिखटपणा आणि वर तेलाचा लाल तवंग असतो. शेनिन तांबड्याला चालते हे मी अनुभवावरून मान्य करतो, पण पांढऱ्यासोबत ती पातळ वाटते.

पांढऱ्याला मला व्हियोन्ये फार योग्य वाटली. या द्राक्षाच्या वाइनला जर्दाळू आणि फुलांचा गंध असतो, आंबटपणा कमी असतो आणि ती जिभेवर भरदार लागते, त्यामुळे खसखस-काजूच्या स्निग्धतेपुढे ती हरवत नाही. ग्रोव्हर झाम्पासारख्या भारतीय वायनरी ती तयार करतात. आमच्याकडे पाहुण्यांना आधी नुसता पांढरा रस्सा वाटीतून देण्याची पद्धत आहे. त्या वेळीच व्हियोन्येचा छोटा पेला द्यावा आणि ताट वाढल्यावर शेनिनकडे वळावे. दोन बाटल्या उघडण्याइतकी माणसे पंगतीला असतील तर ही व्यवस्था उत्तम होते.

दिंडोरीकर (नाशिक)

मी वाइनची द्राक्षे लावणारा शेतकरी आहे, म्हणून थोडे बागेच्या बाजूने लिहितो. वर अल्कोहोलचा मुद्दा आला आहे, त्याचे मूळ शेतात आहे. द्राक्षातली साखर आंबून अल्कोहोल होते, म्हणजे तोडणीच्या दिवशी मण्यात जितकी साखर असेल त्यावर बाटलीवरचा टक्का ठरतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसाळा सरत आला की फळछाटणी होते आणि वाइनच्या वाणांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. पांढरे वाण लवकर तोडता येतात. थंडीतल्या रात्रींमुळे त्यांचा आंबटपणा टिकलेला असतो. निफाडचा पारा हिवाळ्यात किती खाली जातो हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. लाल वाणांचे तसे नसते. साल आणि बी पिकून टॅनिन मऊ होईपर्यंत थांबावे लागते, तोवर फेब्रुवारी-मार्चचे ऊन वाढते, साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. त्यामुळे आपल्या भागातली भारी लाल वाइन अल्कोहोलनेही भारी होण्याकडे झुकते, आणि तिखट जेवणासमोर तोच तिचा दोष ठरतो.

बाटली घेताना लेबलवरचा टक्का वाचण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. साडेबारापर्यंतची वाइन तिखटाला बरीच सोयीची पडते. साखर किती शिल्लक आहे हे मात्र आपल्या लेबलवर बहुतेक वेळा आकड्यात लिहिलेले नसते. ते असायला हवे, असे मला उत्पादक म्हणूनही वाटते.

मांडवीतीर (पणजी)

गोव्यातल्या दोन पदार्थांविषयी लिहितो, कारण दोन्ही कोंबडीचे असूनही त्यांना मानवणाऱ्या वाइन अगदी वेगळ्या आहेत.

काफ्रेआलचा उगम मोझांबिककडे, पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींकडे सांगितला जातो. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, मिरी आणि लिंबू किंवा व्हिनेगर यांच्या वाटणात कोंबडी मुरवतात आणि मग तव्यावर परततात. येथे सोविन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन इतकी अचूक बसते की दुसरा विचार करावासा वाटत नाही. त्याला रासायनिक आधारही आहे. या द्राक्षात पायराझिन गटातली जी संयुगे असतात, तीच ढोबळ्या मिरचीच्या हिरव्या वासामागे असतात. त्यामुळे वाइनचा गवताळ, हिरवट सुगंध वाटणाच्या सुगंधाला जाऊन मिळतो. शिवाय वाटणात लिंबू किंवा व्हिनेगर आहे, आणि आंबट पदार्थासमोर वाइन त्याच्याइतकी किंवा त्याहून अधिक आंबट नसेल तर ती बेचव लागते. सोविन्यों त्या कसोटीला उतरते.

शाकुतीचे गणित निराळे आहे. भाजलेले खोबरे, खसखस, धणे, सुकी मिरची, मिरी, जायफळ, बडीशेप आणि चक्रीफूल एकत्र वाटल्यावर जो खमंग, काळसर मसाला होतो, त्याच्यापुढे हलकी पांढरी वाइन टिकत नाही. येथे मी सर्वसाधारण सल्ल्याच्या विरुद्ध जाऊन लाल वाइन सुचवतो, पण ती ओकमध्ये फार न मुरलेली, मऊ टॅनिनची शिराझ असावी आणि थोडी गार असावी. शिराझमध्ये मिरीचा वास जाणवतो तो कल्पनेतला नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये रोटुंडोन हे संयुग त्यामागे असल्याचे दाखवले, आणि काळ्या मिरीतही तेच संयुग असते. शाकुती घरी करताना मिरची अर्ध्यावर आणली आणि मिरी वाढवली तर ही जोडी फार सुंदर जमते.

दिंडोरीकर (नाशिक)

मांडवीतीर, तुमच्या हिरव्या वासाच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. मण्यांवर ऊन जास्त पडले की ही पायराझिन संयुगे घटतात. म्हणून आम्ही सोविन्योंच्या घडांभोवतीची पाने शिराझच्या मानाने राखून ठेवतो आणि तोडणी पहाटे करतो. एखाद्या वर्षी ऊन लवकर तापले की त्याच बागेच्या वाइनला गवताऐवजी पिकलेल्या फळांचा वास येतो. काफ्रेआलसाठी घेताना अलीकडच्या हंगामाची बाटली घ्यावी, जुनी घेऊ नये.

वऱ्हाडमाती (नागपूर)

सावजी कोंबडीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून विचारते. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेल्या या रश्श्यात भाजलेला काळा मसाला, खसखस, खोबरे, दगडफूल आणि भरपूर तेल असते. तर्रीच इतकी दाहक असते की दुसऱ्या कोणत्याही चवीला जागा उरत नाही. पाहुण्यांपुढे शिराझ ठेवली तेव्हा सर्वांचे पेले तसेच राहिले. सावजीला मानवेल अशी एखादी वाइन आहे का, की हा प्रयत्नच सोडून द्यावा?

रानद्राक्ष (पुणे)

वऱ्हाडमाती, तुम्हाला स्पष्ट उत्तर देणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते. पूर्ण तिखटाच्या सावजी रश्श्यासोबत कोणतीही वाइन देऊ नये. कॅप्सेसिन तेलात विरघळते, पाण्यात नाही. आणि वाइन हे बहुतांशी पाणीच असल्यामुळे ती दाह धुऊन नेऊ शकत नाही. दूध-दह्यातले केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते, म्हणून तेथे दह्याची वाटीच खरी. चांगली वाइन त्या तर्रीत वाया जाते आणि जेवणारालाही त्रास होतो.

त्याच मसाल्यातले सुके, तर्री निथळून काढलेले तुकडे मात्र सुरुवातीला कांदा-लिंबासोबत द्यावेत आणि त्यांच्याबरोबर बरीच गार, गोडसर शेनिन ठेवावी. भाजलेल्या खसखशीचा आणि दगडफुलाचा सुगंध त्या वेळी तरी कळतो. रस्सा आला की पेला बाजूला ठेवावा.

ऱ्हाइनकाठी (माइन्त्स, जर्मनी)

येथे राहून गावाकडून आलेल्या कांदा-लसूण मसाल्याची कोंबडी आम्ही वरचेवर करतो आणि तिच्यासोबत मोझेल खोऱ्यातली काबिनेट प्रकारची रीस्लिंग ही पांढरी वाइन घेतो. ताईंनी सांगितलेले सर्व निकष ती एकाच बाटलीत पूर्ण करते. काबिनेटच्या गोडसर बाटल्यांत अल्कोहोल बहुधा ८ ते १० टक्केच असते, साखर शिल्लक असते आणि आंबटपणा इतका तीव्र असतो की ती साखर पाकासारखी चिकट लागत नाही. भारतात ती महाग पडते हे मान्य आहे, परंतु परदेशातल्या मराठी मंडळींनी भारतीय जेवणासाठी भारी लाल वाइन शोधण्याऐवजी आधी ही पाहावी.

लेबल वाचण्याविषयी एक उपयुक्त माहिती देतो. ‘ट्रॉकन’ लिहिले असेल तर लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर असते आणि ‘हाल्बट्रॉकन’ला ही मर्यादा १८ ग्रॅमपर्यंत जाते. ‘फाइनहर्ब’ या शब्दाला कायद्याने ठरवलेली मर्यादा नाही, पण अशी वाइन साधारणपणे किंचित गोडसर असते. तिखट रश्श्याला मी हाल्बट्रॉकन किंवा फाइनहर्ब निवडतो.

गेवुर्झट्रामिनर या सुगंधी पांढऱ्या वाइनबद्दल सावधगिरीने लिहितो, कारण भारतीय जेवणासाठी सर्वांत जास्त शिफारस तिचीच केली जाते. तिचा लिची आणि गुलाबासारखा सुगंध मोहक असतो, आणि तिच्यातले लिनालूल हे धण्याच्या तेलातलेही मुख्य सुगंधद्रव्य असल्यामुळे धणे-जिऱ्याच्या सौम्य कोंबडीला ती शोभते. पण तिचा आंबटपणा कमी असतो आणि अल्कोहोल अनेकदा १३ टक्क्यांच्या वर जाते, त्यामुळे झणझणीत रश्श्याला ती मला पटत नाही. सुगंध जुळला म्हणजे जोडी जमली असे धरू नये.

सोनरेषा (लिऑन, फ्रान्स)

येथून जवळच ब्रेसचा प्रदेश आहे, जिथल्या कोंबडीला १९५७ पासून कायद्याने भौगोलिक नाव मिळालेले आहे. ती सायीच्या रश्श्यात शिजवतात आणि सोबत बर्गंडीतली शार्दोने ही पांढरी वाइन घेतात. बर्गंडीचाच प्रसिद्ध पदार्थ म्हणजे लाल वाइनमध्ये तास-दोन तास मंद शिजवलेला जून कोंबडा. चिवट मांस मऊ करण्यासाठी तो प्रकार होता. आपल्या गावरान कोंबडीला जसा वेळ द्यावा लागतो तसाच. त्यासोबत पिनो न्वार ही लाल वाइन पितात, जिचे टॅनिन मऊ असते.

मला सांगायचे आहे ते याच्या पूर्वेला असलेल्या ज्यूरा प्रदेशाविषयी. तेथे साव्हान्यें द्राक्षाची ‘व्हँ जोन’ नावाची पिवळसर वाइन पिंपात, त्यातला बराच काळ यीस्टच्या सायीखाली, किमान सहा वर्षे मुरवतात आणि ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या बाटलीत भरतात. कोंबडी, साय आणि मोरेल जातीची अळंबी यांचा तेथला खास पदार्थ याच वाइनमध्ये शिजतो. या वाइनचा वास प्रथम घेतला तेव्हा मला आईच्या मेथीच्या डब्याची आठवण झाली, आणि पुढे वाचल्यावर कारण कळले: तिच्यात सोटोलोन नावाचे संयुग असते आणि मेथीदाण्याचा वासही त्याचाच असतो. मेथी-चिकन किंवा कसुरी मेथी घातलेली मुर्ग माखनी यांच्यासोबत ती दिली असता आमच्या फ्रेंच पाहुण्यांनाही आश्चर्य वाटले. ती कोरडी आणि जोरकस असते, म्हणून पदार्थ तिखट नसावा आणि घोट लहान असावा.

सागरवेळ (मालवण)

सर्वांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, तरीही एक हरकत नोंदवते. कोंबडी-वड्यांच्या ताटात सोलकढी असते. कोकमाचा आंबटपणा, नारळाचे दूध आणि लसूण यांमुळे रश्श्याचा दाह ज्या रीतीने शमतो, त्यापुढे वाइनची आवश्यकता मला दिसत नाही. शिवाय दोन्ही एकाच वेळी घेतल्यास सोलकढीतल्या लसणामुळे आणि आंबटपणामुळे वाइन पाणचट लागते, असा माझा अनुभव आहे.

रानद्राक्ष (पुणे)

सागरवेळ, तुमचे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे आणि सोलकढीची जागा वाइनने घ्यावी असे मी कधीही सुचवणार नाही. कोंबडी-वड्यांच्या जेवणात वाइनला जागा असेल तर ती ताट वाढण्यापूर्वी. कढईतून नुकतेच काढलेले वडे आणि सुके चिकन आधी द्यावे आणि त्यांच्यासोबत गार स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन, तीही ब्रूट म्हणजे कोरड्या प्रकारची, ठेवावी. नाशिकच्या वायनरीही ती करतात. तळलेल्या पिठाचे तेल तिच्या आंबटपणाने आणि बुडबुड्यांनी जिभेवरून उतरते, आणि वड्यातल्या धणे-मेथीची चव स्पष्ट होते. रस्सा वाढला की मात्र ती थांबवावी. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे स्वतःच जिभेला टोचतात, आणि तिखटावर ते टोचणे नकोसे होते. त्यानंतर सोलकढीच असावी.

नवापेला (ठाणे)

मी या विषयात अगदी नवीन आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ‘गार’ म्हणजे नेमके किती गार, उरलेली बाटली किती दिवस टिकते, आणि उरलेली वाइन रश्श्यात घातली तर चालते का?

रानद्राक्ष (पुणे)

पांढरी आणि रोझे (गुलाबी) वाइन ८ ते १० अंशांवर चांगली लागते. घरातला फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणून बाटली वाढण्याआधी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढावी. तिखट जेवणासाठी मात्र ती थोडी अधिक गार असलेली बरी. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे. ठाण्यात एप्रिलमध्ये खोली ३२ अंशांवर असेल तर लाल वाइनमधले अल्कोहोलच नाकात शिरते, म्हणून तीही दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवून १५-१६ अंशांवर आणावी. शाकुतीसोबतची शिराझ तर निश्चितच.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून, उभी, फ्रीजमध्ये ठेवावी. पांढरी दोन-तीन दिवस बरी राहते, लालही तेवढीच. स्पार्कलिंगसाठी वेगळे दाबाचे झाकण मिळते, पण ती त्याच दिवशी संपवणे इष्ट.

खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्श्यात वाइन घालू नये. तिचा आंबटपणा नारळाच्या दुधाला फाडतो आणि भाजलेल्या मसाल्याशीही जुळत नाही. उरलेल्या सोविन्योंचा उपयोग काफ्रेआलच्या मुरवणीत लिंबाच्या जागी करता येतो. वाटीभर वाइन असेल तर ती आधी उकळून निम्मी करावी, थंड होऊ द्यावी आणि मगच हिरव्या वाटणात मिसळावी. उरलेली लाल वाइन गावरान कोंबडीच्या अळणी पाण्यात घालता येते, पण अशी कोंबडी खोबऱ्याशिवाय, कांदा, लसूण, मिरी आणि तमालपत्रावरच शिजवावी आणि मीठ शेवटी चाखून घालावे, कारण वाइन आटताना चवी तीव्र होत जातात.